विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीयीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक, प्राध्यापक आणि आंतरराष्ट्रीय विभागाचं काम नव्याने अंगावर आलेले प्रशासक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात प्राथमिक शंकांपासून आहे, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न शेवटाकडे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फी आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या त्या विद्यापीठाचा आणि देशाचा ताजा नियम स्वतः वाचा.

१. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे जागतिकीकरणच ना?

नाही. भांडवल, तंत्रज्ञान, माणसं आणि कल्पना सीमा ओलांडून फिरतात, ते जागतिकीकरण. ते विद्यापीठाला विचारून होत नाही. त्या परिस्थितीत विद्यापीठ स्वतः जे ठरवून करतं, ते आंतरराष्ट्रीयीकरण. कॅनडाच्या अभ्यासक जेन नाइट यांनी २००३ मध्ये केलेली व्याख्या आजही सर्वाधिक वापरली जाते. उच्च शिक्षणाची उद्दिष्टं, कामं आणि शिकवण्याची पद्धत यांत आंतरराष्ट्रीय आणि आंतरसांस्कृतिक अंग मिसळण्याची प्रक्रिया, असा तिचा आशय आहे. २०१५ मध्ये हान्स डी विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय संसदेसाठी केलेल्या अहवालात तिच्यात महत्त्वाची भर पडली: ही प्रक्रिया हेतुपूर्वक असावी, तिने शिक्षण आणि संशोधनाचा दर्जा वाढावा, आणि तिचा लाभ सगळ्या विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना व्हावा. बहुतेक विद्यापीठांची धोरणं या शेवटच्या अटीवर अडखळतात (प्रश्न ७ पाहा).

२. हे सगळं अलीकडचं आहे का?

विद्वानांचा प्रवास जुनाच आहे. सातव्या शतकात ह्युएन त्सांग चीनमधून नालंदेला शिकायला आला होता. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात परमुलखातले विद्यार्थी इतके होते, की सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने त्यांच्या संरक्षणासाठी खास फर्मान काढलं. एखाद्याच्या देशबांधवाने कर्ज बुडवलं म्हणून त्या विद्यार्थ्याला धरायचं नाही, असंही त्यात होतं. परक्या गावात शिकणाऱ्याला कायद्याचा आधार लागतो, हे तेव्हाही कळलेलं होतं.

नवीन आहे ती संस्थात्मक व्यवस्था. जर्मनीची डीएएडी ही देवाणघेवाण संस्था १९२५ ची, अमेरिकेचा फुलब्राइट शिष्यवृत्ती कार्यक्रम १९४६ चा, युरोपचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा इरॅस्मस कार्यक्रम १९८७ चा. खास आंतरराष्ट्रीय विभाग, धोरणाचा दस्तऐवज, उद्दिष्टांचे आकडे ही मागच्या तीन-चार दशकांतली गोष्ट.

३. विद्यापीठं हे पैशासाठीच करतात का?

काही मुख्यतः पैशासाठी करतात, काही अजिबात नाही, आणि बरीचशी दोन्ही कारणं एकत्र सांगतात. विद्यापीठ पारखताना हा फरक ओळखता यायला हवा, म्हणून थोडं सविस्तर.

ब्रिटनने १९८०च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाएवढी फी लावली. ऑस्ट्रेलियाने १९८०च्या दशकाच्या मध्यात तोच मार्ग धरला. तोवर परदेशी विद्यार्थ्याकडे मदत आणि मैत्रीच्या नजरेने पाहिलं जाई, पुढे तो उत्पन्नाचा भाग झाला. सरकारी अनुदान आटतं, देशातल्या विद्यार्थ्यांच्या फीवर मर्यादा असते, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर मात्र ती नसते. मग विद्यापीठ तिकडे वळणारच. इंग्लंडमध्ये देशातल्या विद्यार्थ्यांची कमाल फी २०१७ पासून अनेक वर्षं ९,२५० पौंडांवर थांबलेली होती. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली. तिथल्या अनेक कॉलेजांनी ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरून काढली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली तेव्हा त्याच कॉलेजांना अभ्यासक्रम बंद करावे लागले, माणसं कमी करावी लागली. व्हिसाचं धोरण विद्यापीठाच्या हातात नसतं. त्यावर ताळेबंद उभा करणं धोक्याचं आहे, आणि त्या धोक्याची किंमत अर्ध्या अभ्यासक्रमात असलेले विद्यार्थी मोजतात.

दुसरी बाजूही आहे. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग हे राज्य अपवाद आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रतिसत्र १,५०० युरो भरावे लागतात. मोफत शिक्षण देणाऱ्या देशांचा हिशेब वेगळा असतो: शिकलेल्यांतले काही तिथेच राहून काम करतील, काही परत जाऊन त्या देशाशी नातं टिकवतील. पण हा वर्ग आकुंचन पावतो आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये फी सुरू केली.

फी घेणं मला गैर वाटत नाही. फी घेऊन वसतिगृह, भाषेची मदत, समुपदेशन आणि मार्गदर्शक यांवर खर्च न करणं गैर आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतला किती हिस्सा त्यांच्या सोयींवर जातो, हे विद्यापीठाला खुशाल विचारा.

४. आमच्या विद्यापीठाचे शंभराच्या वर परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार आहेत. म्हणजे ते चांगलं आंतरराष्ट्रीय विद्यापीठ झालं का?

करारांच्या संख्येवरून काहीच कळत नाही. सामंजस्य करार ही फक्त इच्छा असते, त्यात बहुधा पैशाची किंवा जागांची बांधिलकी नसते. विचारायचं ते असं: मागच्या दोन वर्षांत या करारांखाली किती विद्यार्थी गेले, किती आले, किती प्राध्यापकांनी मिळून काम केलं? दहा चालते करार शंभर छापील करारांपेक्षा मोलाचे. आणि चालता करार बहुतेक वेळा दोन प्राध्यापकांच्या ओळखीतून उभा राहतो, कुलगुरूंच्या दौऱ्यातल्या सही-समारंभातून क्वचितच.

५. एक सत्र परदेशी विद्यापीठात केलं तर ते क्रेडिट परत आल्यावर धरले जातात का?

आधी लेखी ठरलं असेल तर धरले जातात. परत आल्यावर बघू, या भरवशावर जाऊ नका.

युरोपात यासाठी समान माप आहे. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम. हे माप इरॅस्मसमधून आलं आणि युरोपातल्या पदव्यांची रचना एकमेकींशी जुळवण्यासाठी १९९९ मध्ये २९ देशांनी सही केलेल्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर सर्वत्र रुळलं. निघण्याआधी विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे अभ्यास-करारावर सही करतात: तिथले कोणते विषय इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरायचे.

युरोपबाहेर तुमचा करार तुम्हालाच करून घ्यावा लागतो. तिथल्या विषयाचा संपूर्ण अभ्यासक्रम, वाचनयादी आणि तासिकांची संख्या आधी मागवा, विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या. तिथे पोचल्यावर विषय बदलावा लागला (हे नेहमी होतं, कारण वेळापत्रकं जुळत नाहीत) तर त्याच आठवड्यात सुधारित संमती मागवा. गुणांच्या रूपांतराची पद्धतही विचारून ठेवा. एका देशात ६५ टक्के म्हणजे उत्तम, दुसरीकडे जेमतेम. साध्या त्रैराशिकाने गुण बदलणारी विद्यापीठं विद्यार्थ्यांचं नुकसान करतात. त्या वर्गात तो कितवा आला, हे पाहून केलेलं रूपांतर जास्त न्याय्य असतं.

६. संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांत फरक काय?

संयुक्त पदवीत दोन किंवा अधिक विद्यापीठं मिळून एकच अभ्यासक्रम चालवतात आणि एकच प्रमाणपत्र देतात. दुहेरी पदवीत प्रत्येक विद्यापीठ स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र देतं. संयुक्त पदवी शैक्षणिकदृष्ट्या जास्त सलग असते, पण काही देशांच्या कायद्यात दोन विद्यापीठांची मुद्रा असलेल्या एका प्रमाणपत्राला जागाच नसते. म्हणून दुहेरी पदव्या जास्त दिसतात. त्यांतली अडचण अशी, की एकाच अभ्यासाची दोनदा मोजणी होऊ शकते. दोन पदव्या मिळाल्या तरी दुप्पट शिक्षण झालं असं नाही, आणि अर्जात तसं भासवणंही योग्य नाही. दोन्ही देशांत मान्यता मिळेल का, यासाठी प्रश्न १२ पाहा.

७. बहुतेक विद्यार्थ्यांना परदेशी जाणं परवडतच नाही. मग हे सगळं मूठभरांसाठीच का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार परदेशात पदवीसाठी शिकणारे विद्यार्थी ६० लाखांहून अधिक आहेत. आकडा मोठा वाटतो, पण जगभरच्या उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत तो ३ टक्क्यांहूनही कमी आहे. एखाद्या विद्यापीठाचं सारं आंतरराष्ट्रीय धोरण प्रवासावर उभं असेल, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक विद्यार्थ्यांना ते सोडून देतं.

हा विचार ठामपणे मांडला बेंग्ट निल्सन यांनी, १९९९ च्या सुमारास, स्वीडनच्या माल्मो विद्यापीठात. विद्यापीठ १९९८ मध्ये नव्याने उघडलेलं, परदेशी भागीदार जवळपास नाहीत, पण शहरातच अनेक देशांतून आलेली कुटुंबं राहत होती. मग जगासाठी मुलांना दूर कशाला पाठवायचं? विद्यार्थ्यांचा शहरातल्या स्थलांतरित मुलांशी संबंध जोडला गेला. घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण ही कल्पना यातून आकाराला आली.

व्यवहारात ते असं दिसतं. कायद्याच्या वर्गात एकच वाद तीन देशांच्या न्यायव्यवस्थांत कसा सुटला असता, हे शिकवलं जातं. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या खंडातल्या साथीची खरी माहिती हाताळायला मिळते. वाचनयादीत एकाच भाषेतले, एकाच खंडातले लेखक नसतात. आणि याचं मूल्यमापन होतं, गुण मिळतात. परीक्षेत न येणारं आंतरराष्ट्रीय परिमाण विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात विसरतात.

ऑनलाइन सहयोगी वर्ग हा दुसरा मार्ग. दोन देशांतले दोन प्राध्यापक चार-सहा आठवड्यांचा समान भाग आखतात आणि विद्यार्थी मिश्र गटांत एक काम पूर्ण करतात. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००६ मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. यात व्हिसा नाही, विमानाचं तिकीट नाही, कार्बनचा भारही नगण्य. अट एकच: प्राध्यापकाला तयारीसाठी वेळ मिळाला पाहिजे. दोन वेळापत्रकं, दोन कालविभाग आणि गटातली भांडणं सांभाळणारा प्राध्यापक त्या सत्रात इतर विषयांचा पूर्ण भार उचलू शकत नाही. हा वेळ कामाच्या तासांत धरणारं विद्यापीठ आंतरराष्ट्रीयीकरण मनावर घेतं आहे, असं मी मानेन.

८. आंतरराष्ट्रीय व्हायचं म्हणजे सगळं इंग्रजीत शिकवायचं का?

नाही, आणि तसं करण्याला कायद्याच्या मर्यादाही आहेत. मिलानच्या पॉलिटेक्निकने २०१४ पासून सगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम फक्त इंग्रजीत चालवायचं ठरवलं. प्राध्यापक न्यायालयात गेले. इटलीच्या घटना न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, की इंग्रजी अभ्यासक्रम जरूर असावेत, पण ज्ञानाच्या संपूर्ण शाखांतून इटालियन भाषा हद्दपार करता येणार नाही.

इंग्रजीने विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळवणं सोपं होतं, हे खरं. पण प्राध्यापक त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत शिकवू लागला की उदाहरणं आटतात, वर्गातला वाद मंदावतो, आणि त्या विषयाची स्थानिक भाषेतली परिभाषा वाढायची थांबते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला यजमान देशाची भाषा शिकवणं हेही आंतरराष्ट्रीयीकरणच आहे. तो पुढे तिथे नोकरी शोधणार असेल तर त्याला तिचीच गरज पडते.

९. रँकिंगमध्ये आंतरराष्ट्रीयीकरणाचे गुण असतात. ते किती गंभीरपणे घ्यायचे?

माफकच. टाइम्स हायर एज्युकेशनच्या सध्याच्या पद्धतीत आंतरराष्ट्रीय दृष्टिकोनाला ७.५ टक्के भार आहे: परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक आणि परदेशी सहलेखकांसोबतचं संशोधन. क्यूएस या दुसऱ्या प्रसिद्ध रँकिंगमध्ये परदेशी विद्यार्थी आणि परदेशी प्राध्यापक यांना प्रत्येकी ५ टक्के, आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याला आणखी ५ टक्के. मोजलं जातं ते डोक्यांचं प्रमाण. लक्झेंबर्गसारख्या छोट्या देशात शेजारून रोज येणारा विद्यार्थीही परदेशी धरला जातो, तर प्रचंड देशात दीड हजार किलोमीटरवरून, वेगळी भाषा बोलणारा विद्यार्थी आला तरी तो देशीच. त्या दोघांनी एकमेकांशी बोलून काही शिकलं का, हे यात कुठेच येत नाही. काही संस्था यातून बाहेरही पडल्या आहेत. नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने २०२३ मध्ये टाइम्सच्या यादीसाठी माहिती देणं थांबवलं.

१०. परदेशी विद्यार्थी आपापसातच राहतात, स्थानिक विद्यार्थी त्यांच्यात मिसळत नाहीत. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा रचनेचा. परदेशी विद्यार्थ्यांना वेगळं वसतिगृह, वेगळा स्वागत-सप्ताह, वेगळे वर्ग दिले आणि नंतर त्यांनी मिसळावं अशी अपेक्षा केली, तर ते होणार नाही. वार्षिक खाद्यमहोत्सवानेही होणार नाही. गटकामाचे गट शिक्षकाने ठरवले आणि प्रत्येकाच्या माहितीशिवाय काम पूर्ण होऊ नये अशी त्याची आखणी केली, की मैत्री आपोआप सुरू होते. निवांत बोलायला जागा आणि वेळ मिळाला तर ती टिकते.

११. आपले हुशार विद्यार्थी परदेशी जाऊन तिथेच राहतात. विद्यापीठांनी यात हातभार का लावायचा?

ही चिंता खरी आहे, विशेषतः डॉक्टर आणि परिचारिका गमावणाऱ्या गरीब देशांच्या बाबतीत. गेलेला प्रत्येक जण कायमचा गमावला असं मात्र नसतं. तैवानने १९८० मध्ये शिन्चू विज्ञान उद्यान उभारलं आणि अमेरिकेत शिकलेले अनेक अभियंते तिथे परतले, कारण त्यांच्या तोडीचं काम मायदेशी उपलब्ध झालं. शिक्षणाचे दरवाजे बंद करून हे साधलं नसतं.

यावर काही उपाय आहेत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांना परतल्यावर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट असते. स्वीडनच्या मदतीने चालणाऱ्या सँडविच पद्धतीच्या पीएचडीत विद्यार्थी मायदेशीच्या विद्यापीठाशी जोडलेला राहतो आणि ठरावीक काळ स्वीडनमध्ये काम करून परततो. मला ही दुसरी पद्धत अधिक पटते, कारण तीत मायदेशीचा विभागही वाढतो.

१२. परदेशी पदवीला माझ्या देशात मान्यता मिळेल का?

तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, त्या आधी सुट्या करा. पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश द्यायचा की नाही, हे बहुधा विद्यापीठ ठरवतं. पदवीची समकक्षता राष्ट्रीय संस्था ठरवते. आणि वैद्यक, परिचर्या, वकिली, वास्तुकला अशा व्यवसायांचा परवाना त्या व्यवसायाची परिषद देते. समकक्षतेचा कागद हातात असूनही परवाना नाकारला जाऊ शकतो, यात विसंगती नाही. अभियांत्रिकीत १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे. सदस्य देशांतल्या संस्था एकमेकींची अभ्यासक्रम-मान्यता मानतात, पण परवान्याची अट तिथेही वेगळी असू शकते.

तत्त्वाच्या पातळीवर मुख्यतः युरोपीय देशांनी केलेला १९९७ चा लिस्बन करार महत्त्वाचा. परदेशी पात्रता ठळक फरक असल्याशिवाय नाकारायची नाही, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून तपासणाऱ्या संस्थेवर, असं तो सांगतो. युनेस्कोने याच विषयावर २०१९ मध्ये स्वीकारलेला जागतिक करार मार्च २०२३ मध्ये लागू झाला. तुमच्या देशाने यांतल्या कशावर सही केली आहे ते तपासा. नकार आला तर लेखी कारण मागा आणि अपील करा.

१३. युद्धामुळे देश सोडावा लागला, गुणपत्रिका मागे राहिल्या. आता प्रवेश कसा मागायचा?

कागद नाहीत म्हणजे शिक्षण झालं नाही, असं होत नाही. लिस्बन करारात निर्वासितांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. युरोप परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रता-पासपोर्ट सुरू केला. उपलब्ध कागद आणि सखोल मुलाखत यांवरून प्रशिक्षित परीक्षक उमेदवाराची पात्रता नोंदवतात. त्याने प्रवेशाची हमी मिळत नाही, पण अर्ज विचारात घेतला जातो. प्रवेश कार्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की ऑनलाइन अर्जात 'कागदपत्रं अपलोड करा' ही पायरी सक्तीची ठेवू नका. तिच्यामुळे असा अर्जदार माणसापर्यंत पोचतच नाही.

१४. एजंट म्हणतो की तो आमच्याकडून काहीच घेत नाही. मग त्याला पैसे कोण देतं?

बहुधा विद्यापीठ. प्रवेश पक्का झाला की पहिल्या वर्षाच्या फीचा ठरावीक हिस्सा कमिशन म्हणून जातो. त्यामुळे तुमच्यासाठी योग्य विद्यापीठ आणि त्याला कमिशन देणारं विद्यापीठ एकच असेलच असं नाही. कोणकोणत्या विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, हे लेखी विचारा. आणि अर्जातला ईमेल पत्ता व पासवर्ड तुमचाच ठेवा.

१५. परदेशी विद्यापीठाच्या दुसऱ्या देशातल्या कॅम्पसमधून पदवी घेतली तर ती मूळ विद्यापीठाचीच का?

कॅम्पसगणिक उत्तर बदलतं. नॉटिंगहॅम विद्यापीठ २००० पासून मलेशियात आणि २००४ पासून चीनमधल्या निंगबो इथे आहे, आणि दोन्हीकडे नॉटिंगहॅमची पदवी मिळते. चीनमध्ये परदेशी विद्यापीठाला सहसा चिनी भागीदार घ्यावा लागतो. शांघायमधल्या न्यूयॉर्क विद्यापीठाचा भागीदार ईस्ट चायना नॉर्मल युनिव्हर्सिटी आहे. आता ही वाहतूक फक्त पश्चिमेकडून होत नाही. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला कॅम्पस सुरू केला.

प्रमाणपत्रावर कोणाचं नाव असेल, मूळ कॅम्पसमध्ये बदली मिळेल का, आणि शिकवणारे कायमचे आहेत की पंधरा दिवसांसाठी विमानाने येतात, हे तीन प्रश्न आधी विचारा.

१६. यजमान देशाचा कायदाच विद्यापीठाच्या विरोधात गेला तर?

तेही घडलं आहे. हंगेरीने २०१७ मध्ये कायदा बदलून परदेशी विद्यापीठांवर अटी घातल्या: मूळ देशात प्रत्यक्ष शिक्षण चालू हवं, आणि दोन सरकारांमध्ये करार हवा. बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला त्यामुळे मुख्य अध्यापन व्हिएन्नाला न्यावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा बेकायदा ठरवला. निकालात शैक्षणिक स्वातंत्र्याबरोबरच जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारातल्या हंगेरीच्या बांधिलकीचाही आधार होता. शिक्षणाला व्यापारी सेवा मानणाऱ्या ज्या कराराला अनेक शिक्षक विरोध करत आले, तोच इथे विद्यापीठाच्या मदतीला आला. पण निकाल येईपर्यंत स्थलांतर होऊन गेलं होतं. म्हणून भागीदारी करताना वर्गात आणि संशोधनात काय बोलता येईल, हे करारात लिहून घ्यावं, आणि ते मोडलं तर बाहेर पडण्याची वाटही.

१७. माझा अभ्यासक्रम चालू असतानाच कॅम्पस बंद पडला तर?

बंद कसं केलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा सिंगापूरमधला कॅम्पस २००७ मध्ये उघडला आणि पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने त्याच वर्षी बंद झाला. विद्यार्थ्यांना सिडनीत जागा देऊ केल्या, पण सिंगापूरमध्ये राहून शिकायचं ठरवलेल्यांना तो बदल सोपा नव्हता. अमेरिकेतलं येल आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ यांचं येल-एनयूएस कॉलेज बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला, नवे प्रवेश थांबले, आणि आत असलेल्यांना २०२५ पर्यंत पदवी पूर्ण करू दिली. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये कतारचा कॅम्पस २०२८ पर्यंत गुंडाळायचा ठराव केला.

प्रवेश घेण्याआधी 'शिकवून पूर्ण करण्याची योजना' लेखी मागा. नवे प्रवेश थांबल्यावर किती वर्षं वर्ग चालतील, बदली घ्यावी लागली तर फीचा फरक कोण भरेल, व्हिसा कोणाच्या नावावर राहील, आणि कॅम्पस नसताना पंधरा वर्षांनी गुणपत्रिकेची प्रत कोण देईल, हे तीत असायला हवं. उत्तर तोंडी मिळालं तर ते ईमेलवर मागून ठेवा, आणि तो ईमेल विद्यापीठाच्या खात्याबाहेरही जपा, कारण कॅम्पस बंद झाला की ते खातंही बंद होतं.